क्रमांक एक्केचाळीस

आमच्या कुरणात तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं.
डुगल म्हणायचा, तारेचं झुडूप.
काटकुळ्या तांबूस काड्या,
दर बोटभर अंतरावर वाट बदलणाऱ्या,
एकमेकींत अडकून बसलेल्या,
फणीतून काढून वाऱ्यावर टाकलेली गुंतावळच जणू.
मेंढ्या अंग घासायच्या, लोकर तिथंच राहायची.
आणि लोकर म्हणजे पैसा.

म्हणून एका शरदात त्यानं ट्रॅक्टरला साखळी बांधली,
दोन झुडपं मुळासकट ओढली.
तिसऱ्याच्या पोटात एक कोकरू होतं,
रात्रभरच्या गारांतून वाचलेलं,
बाहेर यायला तयार नसलेलं.
डुगलनं साखळी सोडली.
म्हणाला, "उद्या बघू."
तो उद्या एकोणतीस वर्षं उजाडला नाही
आणि मग डुगलच गेला.

मी झाडाझुडपांतली बाई नव्हे.
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सरोवर,
मधे गोट्यांची लांबच लांब पट्टी,
तिच्यावर माझं घर.
वारा बोलतो, छपराचा पत्रा उलट उत्तर देतो.
समुद्र गोटे ओढतो, पुन्हा आणून टाकतो,
पाखडून पाखडून समाधान न होणाऱ्या बाईसारखा.

रिपेका आली ती ऑगस्टात,
वाळूवरचं सोनेरी गवत कापायला, टोपल्यांसाठी.
पायात नातवाचे बूट.
झुडपापाशी थांबली.
"कधीपासून एकटी आहे?"
मला वाटलं, माझंच विचारतेय.
म्हटलं, "चार वर्षं झाली."
ती हसली नाही.
थोड्या वेळानं म्हणाली, "तोरोरारो."
मी तीनदा म्हणून पाहिलं;
ओहोटीत गोटे घरंगळतात तसं वाटलं जिभेवर.

मग सरकारी खात्यातला एक मुलगा आला,
गुडघ्यांवर बसला, भिंगातून पाहिलं,
अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला अडकवला: ४१.
मादी आहे, म्हणाला.
जवळचा नर खाणीच्या पलीकडे, अकरा किलोमीटरवर.
एवढं कुठली माशी उडत नाही.
ट्रॅक्टरनं ओढलेल्या दोघांबद्दल
मी त्याला काही सांगितलं नाही.

वसंतात पानं येतात, नखाएवढी,
थेट पत्त्यांतले बदाम.
हिवाळ्यात ती सगळा डाव टाकून देते,
आणि आजूबाजूची झाडं
हातातली पानं छातीशी धरून उभी.
आम्ही रात्री पत्ते खेळायचो.
डुगल बदाम शेवटपर्यंत सोडायचा नाही.
हरला तरी.

नोव्हेंबरात रिपेका बसनं आली,
मांडीवर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली नराची फांदी.
ड्रायव्हरनं विचारलं म्हणे, मासा आहे का?
दोघी म्हाताऱ्या चष्मे लावून,
पोरांच्या रंगपेटीतला कुंचला घेऊन
सोयरीक जुळवायला बसलो.
फुलं कसली, तांदळाच्या कण्या.
वारा कुंचल्यावरचं अर्धं पळवायचा.
रिपेका त्याला शिव्या घालायची तिच्या भाषेत,
मी माझ्या.

मार्चात फळं धरली,
मेणासारखी पांढरी, आत काळं बी.
अर्धी एका सरड्यानं खाल्ली.
मी केरसुणी उचलली.
"राहू दे," ती म्हणाली. "त्याचा वाटा."

अंड्यांच्या खोक्यात रुजवलेली अकरा उगवली.
चार कुजली. एकावर मीच पाय दिला, अंधारात.
उरलेली गोट्यांत लावली, तर सशांना पत्ता लागला.
आता दोन आहेत.
नर की मादी, ते फुलल्यावर कळेल,
आणि फुलायला किती वर्षं, ते तो मुलगा नीट सांगत नाही,
माझ्याकडे बघून.

काल वायव्येचा वारा सुटला.
दोन्ही रोपांवरची जाळी उडू पाहत होती.
शेडमध्ये गेले, हाताला लागेल ते शोधत.
ती साखळी अजून तिथंच होती,
गंजलेली, अजून जड.
दोन फेऱ्या मारल्या, ओढत ओढत आणली,
जाळीच्या कडेनं गोल मांडली.

मागे ४१ चा बिल्ला वाजत होता.
तिच्या आत खोलवर, हात पोचत नाही तिथं,
लोकरीचा एक पुंजका आहे, करडा पडलेला.
त्याच कोकराचा असेल असं नाही.